सातवा खिळा

घोडबंदर रोडच्या एकतिसाव्या मजल्यावरून
एक चित्र आलंय दुकानात, बबल रॅपमध्ये.
चार घोड्यांची टपालगाडी,
विलायती रस्ता, विलायती चिखल,
टपावर लाल कोटवाला कर्णा फुंकतोय
आणि आतल्या बाईची टोपी
खिडकीतून अर्धी बाहेर.
चितारी कोण, कळत नाही.
कोपऱ्यातली सही कसरीने खाल्लीय.
एक 'जे' उरलाय, तोही शेपटीकडून कुरतडलेला.

सोबत चिठ्ठी : सोनेरी पट्टी, क्रीम माउंट,
सोफ्याच्या वर बसेल असं,
खालचा चिखल झाकला तरी चालेल.

मी चिखल मोजला. पाऊण इंच.

जांभळी नाक्यामागच्या या बोळात
फ्रेमा करताना सव्वीस वर्षं गेली.
देव सगळ्यात जास्त, त्याखालोखाल गेलेली माणसं,
मग पदव्या.
घोडे आले ते सात, पांढरे,
समुद्रावरून धावणारे, वास्तूसाठी.
चिखलातला घोडा हा पहिलाच.

दुपारी उस्मानभाई नालबंद येतो,
पेपर वाचायला आणि पंख्याखाली बसायला.
स्टेशनाबाहेर टांगे होते तोवर
त्याची ऐरण तिथेच असायची.
आता त्या जागी मुलगा चाव्या बनवतो
आणि हा शेजारी स्टुलावर बसून
गिऱ्हाइकांच्या टाचा बघतो,
कोण कुठल्या बाजूने झिजतंय.

चित्र पाहून आधी हसला.
"चारही पाय हवेत? पुढचे पुढे, मागचे मागे?
असा घोडा पळत नाही, दिगू.
असा पळाला तर पोटावर आपटेल."
मग चष्मा बदलला.
माझं भिंग न विचारता उचललं
आणि इतका वाकला
की काचेवर वाफ धरली.

पुढच्या जोडीतला डावा घोडा.
मागचा खूर उलटा, तळवा आपल्याकडे.
तळव्याला नाल, नालावर खिळ्यांची डोकी,
ब्रशच्या एका केसाने ठेवलेली.
त्याने ओठ हलवत मोजली.
"सहा," म्हणाला.
"सातवा गेलाय. आत्ताच गेलाय, भोक अजून कोरं आहे.
पुढच्या मुक्कामाला कुणी पाहिलं नाही
तर हा लंगडणार."
आणि भिंतीवरच्या माझ्या घड्याळाकडे बघितलं,
वेळ आहे का ते पाहावं तसं.

"हा माणूस नालबंदाजवळ बसलेला आहे," म्हणाला.
"उभ्याने हे दिसत नाही."

तेव्हापासून मला तो दिसतो, सही खाल्लेला.
कुठल्याशा सराईच्या मागच्या अंगणात,
उलट्या घातलेल्या बादलीवर,
गुडघ्यावर वही, पेल्यातला फेस बसलेला,
जळक्या खुराचा वास कपड्यांत शिरलेला.
पैसे साहेबलोकांनी वेगाचे दिले होते,
वेग त्याने दिला, खोटा का होईना,
भिंतीवरून चौखूर उधळेल असा.
सातवा खिळा कुणी मागितला नव्हता.
कमी असलेला तर नाहीच नाही.

आता माझी पंचाईत.
चिठ्ठीप्रमाणे माउंट कापला
तर खूर पुठ्ठ्याखाली जातो.
एक संध्याकाळ नुसता पट्टी धरून बसलो.
मग खालची कड तशीच ठेवली, वरून आभाळ कमी केलं.
विलायती आभाळ, तसंही त्यात काही नव्हतं.

शुक्रवारी पोऱ्याने नेऊन टांगलं.
बाईंचा फोन आला : "अहो, चिखल दिसतोय."
म्हटलं, हो. चिखल आहे तो.
जरा वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, बघते दोन दिवस.

उस्मानभाईने पेपरातून डोकं काढलं.
"कितवा मजला?"
एकतिसावा.
"लिफ्टने नेलं ना?"
लिफ्टनेच.
"बरं झालं," म्हणाला, पान उलटत.
"त्या पायाने जिने नको होते."